चरबीच नसलेली मुलगी

सकाळी लॅबमधून फोन आला. "मॅडम, हे सॅम्पल मशीनला लावताच येत नाही. नळीत नुसतं दूध दिसतंय." सीरम, म्हणजे रक्तातला द्रव भाग, पिवळसर आणि पारदर्शक असतं, हे पांढरंशुभ्र होतं. कसंबसं मोजून घेतलं, तर ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, दोन हजारांवर आणि उपाशीपोटी साखर तीनशेच्या पुढे. वय एकोणीस. जुन्नरकडची मुलगी, पुण्यात होस्टेलवर राहून शिकणारी.

एवढे आकडे पाहिल्यावर जाडजूड कुणीतरी डोळ्यांसमोर येतं. आत आली ती सडसडीत मुलगी. गाल बसलेले, दंड आणि पोटऱ्या पैलवानासारख्या पिळदार, त्यांवर टरारलेल्या शिरा. चिमटीत धरायला चरबी कुठेच नाही. मान आणि काखा मात्र काळ्या, मखमलीसारख्या जाड.

"मॅडम, लहानपणापासून चौघांचं एकटी जेवते, पण अंगाला काही लागतच नाही," आई म्हणाली. "आणि ही मान घासून घासून थकलो."

"घासू नका, तो मळ नाही," मी म्हणाले. रक्तात इन्शुलिन फार वाढलं की त्वचेच्या पेशीही त्याने वाढू लागतात. ही खूण मी रोज पाहते, पण बहुतेक वेळा वजनदार माणसांच्या मानेवर.

पोट तपासलं, तर यकृत बरगडीखाली चांगलं चार बोटं लागलं. सोनोग्राफीत ते चरबीनं गच्च भरलेलं दिसलं. निदान तिथेच जवळजवळ झालं: जन्मजात लिपोडिस्ट्रॉफी, म्हणजे त्वचेखाली चरबीच न साठणं. फार विरळा आजार.

त्वचेखालची चरबी म्हणजे घरातली कणगी. जास्तीचं अन्न तिथे गेलं की बाकीचं घर मोकळं राहतं. या मुलीकडे कणगीच नव्हती, म्हणून सगळी चरबी यकृतात आणि स्नायूंत शिरली. तिथे डायअसिलग्लिसरॉल नावाचे चरबीचे रेणू साचतात, त्यांनी काही विकरं जागी होतात आणि इन्शुलिनचा निरोप पेशीच्या आत मध्येच तुटतो. स्नायू साखर उचलत नाहीत, यकृत साखर बनवायचं थांबत नाही, स्वादुपिंड मात्र आणखी आणखी इन्शुलिन ओतत राहतं.

लठ्ठ माणसातही शेवटी हेच घडतं. त्याच्या चरबीपेशी तट्ट फुगतात, आणखी साठवेनाशा होतात. त्यांच्याभोवती मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी जमतात, टीएनएफसारखी दाहक रसायनं सुटतात, इन्शुलिनला मदत करणारं अडिपोनेक्टिन घटतं. २००० साली चरबीहीन उंदरांच्या त्वचेखाली निरोगी उंदरांची चरबी बसवली, तेव्हा त्यांचा मधुमेह हटला. चरबीला सरसकट शत्रू ठरवणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रयोग सांगते.

नुसत्या वजनावरून आतलं कळत नाही, हे तर पुण्यातच दिसलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, युडकिन यांच्यात ९.१. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांनी मिळून हे मांडलं. तरीही आपल्या दवाखान्यांतून जाड माणसाला आधी बोलणी बसतात आणि बारीक माणसाची साखर तपासायचं राहून जातं. मला हे मनापासून खुपतं.

मुलगी इतका वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मेसमध्ये सगळे मला खादाड म्हणतात."

पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन चरबीच्याच पेशी बनवतात. १९९४ साली ते सापडलं. चरबी नाही म्हणून लेप्टिन नाही, आणि लेप्टिन नाही म्हणून मेंदूला वाटतं, उपासमार चालू आहे. हे मी तिला सांगितलं आणि मग तिच्या आईकडे वळून पुन्हा, सावकाश सांगितलं. आईने पदर डोळ्यांना लावला.

इतक्या ट्रायग्लिसराइड्सनी स्वादुपिंडाला कधीही सूज येऊ शकते, म्हणून तिला लगेच दाखल केलं. इन्शुलिनचे डोस नेहमीपेक्षा कितीतरी मोठे लागले. जेवणातलं तेल-तूप जवळपास बंद केलं.

दाखल्याचे कागद भरताना कळलं की आईचं सासर म्हणजे तिच्या सख्ख्या मामाचंच घर. हा आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो.

"आणखी मुलं?"

"एक धाकटा आहे. तोही असाच काटक. तालमीत सगळे कौतुक करतात त्याचं."

"त्याला उद्याच घेऊन या," मी म्हणाले, "उपाशीपोटी."