लांबच्या प्रवासासाठी जुनी मोटारसायकल पारखताना

जुनी मोटारसायकल पाहायला जाण्यापूर्वी मी विक्रेत्याला एकच विनंती करतो, ती म्हणजे मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नये. कारण थंड इंजिन किती सहज सुरू होते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, यावरून पिस्टन रिंग व व्हॉल्व्ह सील (इंजिनातले ऑइल जळण्यापासून रोखणारे भाग) यांची अवस्था जितकी कळते, तितकी चकचकीत टाकीवरून कधीच कळत नाही. ओडोमीटरच्या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे, दात एका बाजूला झुकून गळासारखे टोकदार झाले असतील, तर चेनसह पूर्ण संच बदलण्याचा खर्च धरूनच किंमत बोलावी. टायरच्या बाजूवरचे चार आकडेही वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९च्या २३व्या आठवड्यातील उत्पादन. नक्षी शाबूत असली, तरी कडक झालेले रबर ओल्या रस्त्यावर दगा देते. पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश फिरवताना ते मध्यभागी अडखळले, तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले असे समजावे. सीसीची चर्चा (जी सगळेच हिरिरीने करतात) मला दुय्यम वाटते. दिवसभर बसवेल अशी सीट आणि आडगावातही मिळतील असे सुटे भाग मी आधी पाहतो.