400 ब्रॅकेटची ओळख

सोमवार, रात्री साडेदहा

लेक झोपली. भांडी उद्यावर ढकलली आणि लिंक्डइन उघडलं. प्रोफाईल बनवून नऊ दिवस झाले. पहिले दोन दिवस तर फोटोतच गेले. नणंदेच्या लग्नातला फोटो कापून लावला होता, पण खांद्यावरचा हात तसाच राहिला. भाची एमबीए करते, तिने फोनवर बघून विचारलं, "मावशी, हा हात कुणाचा? तोपण नोकरी शोधतोय का?" शेवटी सकाळच्या उन्हात गॅलरीच्या भिंतीसमोर उभी राहिले आणि नवऱ्याने काढला. पासपोर्टसारखा आलाय, पण चालेल.

खरं अडलं ते नावाखालच्या ओळीत. 220 अक्षरं लिहायची मुभा, आणि मी तासभर नुसती बघत बसले. आमच्या घरी स्वतःबद्दल दोन शब्द बरे बोललं तरी आई म्हणायची, पुरे झाली टिमकी. त्यामुळे मी लिहिलं, "क्वालिटी विभागात नऊ वर्षं काम केले आहे." बस. आठवड्याभरात शोधात तीन वेळा दिसले म्हणे.

भाचीने आज समजावलं. एचआरवाले आधी प्रोफाईल वाचत बसत नाहीत, शोधपट्टीत शब्द टाकतात. पीपॅप (नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची फाईल), एसपीसी आणि एफएमईए (दोष आधीच पकडायच्या पद्धती), आयएटीएफ 16949 (गाड्यांच्या पार्टसाठीचं क्वालिटीचं मानक), आणि जागा म्हणून चाकण. ते शब्द तुमच्याकडे नसले की तुम्ही यादीत वर येतच नाही. नऊ वर्षं मी पीपॅपच्या फायली बनवल्या, ग्राहकाच्या सह्या येईपर्यंत जेवणाचा डबा तसाच परत नेला, आणि प्रोफाईलवर तो शब्दच नाही! स्टोअरमध्ये असंच व्हायचं. माल रॅकवर असायचा, पण टॅग चुकीचा, म्हणून 'शॉर्टेज' दाखवायचे. आम्ही त्यावरून स्टोअरवाल्याला किती बोललोय.

टॅग बदलला.

मधली चार वर्षं लिहायचीच नव्हती. पण 2022 पासून लिंक्डइनवर 'करिअर ब्रेक' असा रकाना आहे, त्यात कारणही निवडता येतं. मी 'केअरगिव्हिंग' निवडलं. सासूबाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, रात्री तीनचा गजर लावून उठायचं, या सगळ्याला एक गुळगुळीत इंग्रजी शब्द आहे बघून हसू आलं. मग नाही आलं.

बुधवार

नोकरी डॉट कॉमवरचं खातं शोधून काढलं. कॉलेज संपल्यावर उघडलं होतं, अजून जिवंत आहे. ही साईट 1997 ची, म्हणजे मी शाळेत असल्यापासूनची. बाबांचा मात्र तेव्हाही भर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डावर आणि रविवारच्या पेपरातल्या 'पाहिजेत'वर. निळ्या पेनाने गोल करून पान माझ्या ताटाशेजारी ठेवायचे.

शेजारच्या मुलाने युक्ती सांगितली: रोज सकाळी प्रोफाईलमध्ये एक पूर्णविराम टाकायचा, दुसऱ्या दिवशी काढायचा, म्हणजे प्रोफाईल ताजं दिसतं. दोन दिवस देवपूजेसारखं करतेय. फोन आले तीन. दोन विमा विकायच्या कामाचे. तिसरा म्हणाला, सिलेक्शन झाल्यातच जमा आहे मॅडम, फक्त कागदपत्रं तपासायचे 1,999 रुपये भरा. इंटरव्ह्यूच्या आधीच सिलेक्शन! ठेवला फोन. नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही, एवढं कळायला क्वालिटीचा अनुभव लागत नाही. तरी क्षणभर 1,999 म्हणजे फार नाहीत असं मनात आलं, ते इथे लिहून ठेवते.

शनिवार, लेक आजीकडे

भाचीने तिच्या अभ्यासातला एक लेख पाठवला. ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये लिहिलेला. त्याने ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? नेहमी भेटणारा, असं सांगणारे शंभरात जेमतेम 17. बाकीच्यांना नोकरीची खबर दिली ती अधूनमधून किंवा क्वचित दिसणाऱ्यांनी. कारण साधं आहे, घरच्यांना जे माहीत तेच आपल्याला माहीत. हेच लिंक्डइनवर 2 कोटी लोकांवर तपासून 2022 मध्ये पुन्हा छापलं गेलं. निष्कर्ष बराचसा तोच, फक्त जिथे डिजिटल काम कमी तिथे घट्ट ओळखी जास्त उपयोगी पडतात म्हणे. आता पत्र्याचे ब्रॅकेट, म्हणजे पार्ट धरून ठेवणारे तुकडे, दाबणारा कारखाना कुठल्या रकान्यात घालायचा, ते त्या संशोधकांनी भोसरीला येऊन सांगावं.

माझ्या घट्ट ओळखी तर संपल्याच होत्या. दीर "बघतो" म्हणून सहा महिने बघतायत. जुन्या मैत्रिणी एकाच कंपनीत, तिथे भरती बंद.

म्हणून मेसेंजरमधली नावं वर-खाली करताना एक वेंडर, म्हणजे आमच्या कंपनीला माल पुरवणारे, दिसले. साताऱ्याकडचे, पत्रा दाबून पार्ट काढायचं प्रेस शॉप चालवायचे. इनवर्डला, म्हणजे बाहेरून माल येतो तिथे, मी त्यांचा माल तपासायचे. आमचं बोलणं म्हणजे भोकाचा व्यास आणि कडेला राहिलेली धारदार बर, याच्यापुढे कधी गेलं नाही. एकदा 400 ब्रॅकेटचा अख्खा लॉट मी परत पाठवला होता, गो गेज, म्हणजे भोक पुरेसं मोठं आहे का ते बघायचं माप, भोकात जातच नव्हता. वर डेबिट नोट, म्हणजे त्यांच्या बिलातून पैसे कापल्याचा कागद. हे गेटवर माझ्याशी न बोलता टेम्पोत बसून गेले होते.

त्यांना काय लिहायचं? चार वेळा खोडलं. "सर, मी अमुक कंपनीत इनवर्डला होते, आठवत असेन तर. पुन्हा काम सुरू करायचं आहे. चाकण-भोसरी भागात क्वालिटीत जागा ऐकण्यात असेल तर कळवाल का?" नोकरी द्या, असं मुद्दाम लिहिलं नाही. पाठवून फोन उशीखाली ठेवला, जसं काही तो तिथे गप्प बसणार होता.

वीस मिनिटांत उत्तर.

"मॅडम, तुम्हाला कसं विसरणार? 400 ब्रॅकेट."

पोटात गोळा. मग खाली लांबलचक मेसेज. आता ते चाकणला एका कंपनीला माल देतात. तिथला इनवर्डचा माणूस महिन्यापूर्वी सोडून गेला, क्वालिटी हेड वैतागलेत, गेल्या आठवड्यात चहा पिताना म्हणाले, कुणीतरी नीट नाही म्हणणारं हवंय. "मी तुमचं नाव सांगितलं. त्या लॉटनंतर आम्ही भोक पाडायचा पंच बदलला होता, मॅडम. सीव्ही पाठवा."

सीव्ही पाठवला. शुक्रवारी अकरा वाजता बोलावलंय.

रात्री त्यांचाच मेसेज परत: "तुम्ही तिथे लागलात तर माझेच लॉट तुमच्याकडे येणार. जरा सांभाळून घ्या."

मी लिहिलं, "गेज काय म्हणतोय त्यावर."

त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. कपाटाच्या वरच्या खणातून सेफ्टी शूज काढलेत. डावा अंगठ्यापाशी उसवलाय, उद्या कोपऱ्यावरच्या चांभाराकडे टाकायचा.