तिटमधला ट

मी 62 वर्षांची आहे आणि गेले 14 महिने तबला शिकते आहे. क्लासला माझ्या शेजारी चौथीतला एक मुलगा बसतो. 'धा धा ति ट धा धा ती ना' हा कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची घोटायची रचना, सरांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी दिला. त्याचा हात दिवाळीपर्यंत बसला, माझा होळीला, तोही ठाय म्हणजे संथ लयीत. दुगुन, म्हणजे लय दुप्पट, केली की 'ट' निसटतो.

पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, मात्र माझी आधीपासून चोख आहे. तोंडाला येतं ते बोटांना येत नाही, हे मला या वयात पहिल्यांदा इतकं स्पष्ट कळलं.

त्यात माझी बोटं कोरी नाहीत. 1982 साली साताऱ्यात मी मराठी टायपिंगची मिनिटाला 40 शब्दांची परीक्षा दिली, पुढे तीस वर्षं कचेरीत टाइप केलं. तिथे कळ दाबायची आणि बोट लगेच उचलायचं. 'तिट' हा बंद बोल. बोट शाईवर, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या गोलावर, पडून क्षणभर तिथेच राहिलं पाहिजे. माझी तर्जनी उडते. तरुणपणी मुरलेली हालचाल सहसा जात नाही, आणि नवीला वाट देताना आडवी येते.

आधीच्या एका क्लासात मला सांगितलं होतं, "भजनी ठेका शिका, तेवढं पुरे." फार लागलं होतं ते.

2008 साली हॅम्बुर्गच्या संशोधकांनी साठीच्या आसपासच्या लोकांना तीन महिने तीन चेंडू हवेत खेळवायला शिकवलं. तरुणांइतकी सफाई बहुतेकांना आली नाही, तरी मेंदूतला करडा भाग काही ठिकाणी वाढलेला दिसला. सराव थांबल्यावर तो ओसरला. हे शेवटचं वाक्य वाचून मी घाबरले, कारण एप्रिलमध्ये लेकीकडे तीन आठवडे तबल्याला हात लागला नव्हता आणि परत आल्यावर 'ट' पार गेला होता.

सर म्हणाले, "काकू, तासभर बसू नका. हात थकला की चूकच पक्की होते." आता सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा. संध्याकाळी जमलेलं सकाळी पुष्कळदा नसतं. झोपेत सराव मुरण्याचा तरुणांना होणारा फायदा उतारवयात कमी होतो. म्हणून रोज कालच्यापेक्षा खालच्या लयीत सुरुवात करते.

काल लेहरा, म्हणजे साथीला सतत फिरणारी धून, मिनिटाला 80 मात्रांवर ठेवून सोळा आवर्तनं सलग गेली. 84 ला 'ट' सुटला. उद्या 72 पासून.