ब्रूइंग अपडेट: फ्रेंच प्रेस बाजूला, कागदी फिल्टर चालू, आणि कॅफिनचा हिशोब

यावेळी नवीन ग्राइंडर वगैरे काही नाही. सध्या माझा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी चाललाय, चव न घालवता कॉफी तब्येतीला मानवेल अशी कशी करायची. बीन्स कुठले याच्याइतकाच फरक ती कशी गाळतो आणि किती वाजता पितो याने पडतो असं माझं मत आता पक्कं होत चाललंय.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे सकाळची कॉफी फ्रेंच प्रेसवरून (धातूच्या जाळीने गाळणारं भांडं) कागदी फिल्टरच्या पोअरओव्हरवर (वरून गरम पाणी ओतून गाळायची पद्धत) आणली. कारण कॅफेस्टॉल. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल अशी दोन द्रव्यं असतात, ती एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतात हे माणसांवरच्या ट्रायल्समध्ये दिसलेलं आहे, जाळीतून ती आरामात कपात उतरतात, न गाळता उकळलेल्या कॉफीत तर भरपूरच, पण कागद त्यातलं बहुतेक सगळं अडवतो. एरोप्रेसवाल्यांनो (दाब देऊन कॉफी गाळायची नळी), कागदाऐवजी स्टीलची डिस्क लावत असाल तर तुम्हीही जाळीवालेच बरं का. बॉडी कमी होते हे मान्य, तो तेलकट जाडपणा कागदातून येणारच नाही. पण ग्राइंड किंचित बारीक केला आणि कॉफी-पाण्याचा रेशो १:१६ चा १:१५ केला, तर गोडवा छान भरून आला. मला आता हाच कप जास्त स्वच्छ लागतो.

दुसरं काम वजनकाट्यावरचं. युरोपियन फूड सेफ्टी अथॉरिटीने २०१५ साली सांगितलंय की निरोगी मोठ्या माणसाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत काळजीचं कारण नाही, एका वेळी २०० पर्यंत, आणि गरोदरपणात अख्ख्या दिवसाचे २००. आता आपलं गणित बघा. अरेबिका जातीच्या बीन्समध्ये वजनाच्या साधारण १.२ टक्के कॅफिन असतं. १८ ग्रॅम पूड टाकली की झाले २१६ मिलिग्रॅम, आणि त्यातलं बहुतेक पाण्यात उतरतंच. रोबस्टा जातीत प्रमाण जवळपास दुप्पट, म्हणजे तेवढ्याच डोसमध्ये एका मगात दिवसाचा कोटा संपत आला! "दिवसाला ३-४ कप चांगले" हे आपण सगळीकडे वाचतो ना, त्यातला कप म्हणजे आपला हा भरगच्च मग नव्हे, आणि ते बरेचसे अभ्यास नुसत्या निरीक्षणाचे आहेत, कॉफीमुळेच फायदा झाला असं त्यातून छातीठोक सांगता येत नाही. मी डोस १२ ग्रॅमवर आणला, पण हळूहळू, ग्रॅम ग्रॅम करत. एकदम तोडलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, सवय असलेल्या बऱ्याच जणांचं.

वेळेचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॅफिन मेंदूतल्या अॅडेनोसिन या झोप आणणाऱ्या द्रव्याची जागा अडवून बसतं, थकवा जात नाही, फक्त जाणवत नाही. आणि ते अर्धं व्हायला सरासरी ५ तास लागतात, म्हणजे दुपारी ३ चा कप रात्री ८ ला अर्धा आणि १ वाजताही पाव शिल्लक. माणसागणिक फरक खूप, सिगरेट ओढणाऱ्यांत लवकर निघून जातं, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर कितीतरी जास्त रेंगाळतं. २०१३ च्या एका प्रयोगात झोपायच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम दिलं तरी झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती. म्हणून "मला कॉफी पिऊन पण झोप लागते" म्हणणाऱ्यांनी झोप किती लागते तेही बघा. माझा कॅफिनवाला शेवटचा कप आता दुपारी १२ च्या आत, आणि रात्री मधेच जाग येणं स्पष्ट कमी झालंय. संध्याकाळी डिकॅफ (कॅफिन काढलेली कॉफी), त्यातही थोडं कॅफिन असतंच पण अगदी किरकोळ. टाइप २ डायबेटिसचा धोका कमी दिसणं हे डिकॅफ पिणाऱ्यांतही आढळलंय, त्यामुळे डिकॅफला नाक मुरडणं मी बंद केलंय.

तापमानाचंही बघतोय. २०१६ ला आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) कॉफीला कॅन्सरच्या संशयित यादीतून काढलं, पण ६५ अंशांच्या वरची अतिगरम पेयं, मग ती कुठलीही असोत, अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी "बहुधा कारणीभूत" या गटात टाकली. मी मगात थर्मामीटर टाकून ६० च्या खाली आल्यावरच पितो. लाइट रोस्टची (हलक्या भाजलेल्या बीन्सची) फळांसारखी चव तिथेच खुलते, त्यामुळे थांबायला त्रास नाही. आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणासोबत कॉफी नको, लोह नीट शोषलं जात नाही, तासभर तरी अंतर ठेवा.

पुढचं काम: अर्धे डिकॅफ बीन्स मिसळून सकाळचा ब्रू जमवायचा, दोन्हींचा ग्राइंड एकत्र नीट बसत नाहीये अजून. लिपिड टेस्टही (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) याच महिन्यात करतोय, फ्रेंच प्रेसच्या काळातला रिपोर्ट जपून ठेवलाय, दोन्ही आकडे शेजारी शेजारी टाकतो इथे. जाळीवरून कागदावर गेलेल्या कुणी आधी-नंतरचं एलडीएल तपासलं असेल तर नक्की लिहा, डोस आणि रोजचे किती मग तेही सांगा.