हो, पहिल्यांदाच

गावातलं स्टेकहाउस, जिथे मी कित्येक वर्षं जातेय, ते नवं रूप घेऊन पुन्हा उघडलंय. काल तिथल्या वाढणाऱ्या पोरीने हसून विचारलं, "पहिल्यांदाच येताय का आमच्याकडे?" आणि मी म्हणाले, हो.

हा माझ्याकडे बघत राहिला. चिऊने फोनमधून डोकं वर काढलं. मी मेनूकार्डात तोंड खुपसलं. रात्री झोप लागली नाही असं काही नाही, चांगली लागली. पण पहाटे साडेचारला जाग आली ती तेच घेऊन. का म्हणाले मी हो?

खरं तर मला हळहळायचा हक्कच नाही. तिथला मुख्य पदार्थ मी जन्मात तोंडाला लावलेला नाही. नेब्रास्कात माणसांच्या तिपटीहून जास्त गुरं. 1956 पासून काही वर्षं इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच 'द बीफ स्टेट' असं लिहिलेलं असायचं. अशा राज्यातल्या एवढ्याशा गावात, स्टेकहाउसमध्ये जाऊन मी काय खायचे, तर बेक्ड पोटॅटो आणि स्पॅगेटी. स्टेकच्या बाजूला थोडी स्पॅगेटी द्यायची ही ओमाहा शहराची रीत. तिथली बरीच जुनी स्टेकहाउसं इटलीहून आलेल्या घराण्यांनी काढलेली, गोरॅट्स 1944 चं, कॅसिओज 1946 चं. आणि गुरांचा बाजार तर एवढा की 1955 मध्ये त्याने शिकागोला मागे टाकलं. तो 1999 मध्ये बंद पडला, स्पॅगेटी मात्र राहिली, आमच्या गावापर्यंत पोचली.

पहिल्या वेळी मी विचारलं होतं, सॉसमध्ये मांस आहे का. तिथे वाढणारी अक्का (तिचं खरं नाव वेगळं, घरात आम्ही तिला अक्काच म्हणतो) आत जाऊन विचारून आली आणि म्हणाली, आहे. मग तिनेच लोणी आणि चीज घालून साधी स्पॅगेटी आणली. पुढे मला कधी ऑर्डर द्यावी लागली नाही. मी बसले की ती पॅडवर काहीतरी खरडायची. काय लिहायची देवाला ठाऊक.

आता मेनूवर माझ्यासाठी रीतसर पदार्थ आहे. फ्लॉवरचा स्टेक. अख्ख्या गड्ड्याचा जाड काप, दोन्ही बाजूंनी भाजलेला, खाली कसलीशी हिरवी चटणी. चव वाईट नव्हती, तेही लिहून ठेवते. पण ऑर्डर मला द्यावी लागली, आणि बोट ठेवून दाखवावी लागली, कारण मी 'कॉलिफ्लॉवर' म्हटलेलं त्या पोरीला कळलं नाही.

जागा देखणी झालीय, यात वाद नाही. फॉल्स सीलिंग उतरवलं तर वर पत्र्याचं नक्षीदार छत निघालं, शंभर वर्षांपूर्वीचं, वेलबुट्टीचं. ते तपकिरी पॅनेलिंग काढलं, मागे विटा. मालकांच्या पोराने हौसेने सगळं फिरवून दाखवलं. ऐतिहासिक इमारत नियमाने दुरुस्त केली तर खर्चाच्या 20 टक्के रक्कम केंद्राच्या करातून वजा होते, पाच वर्षांत विभागून. त्याच्याशिवाय हे जमलंच नसतं म्हणाला. बिचारा खरंच थकलेला दिसत होता.

तर साडेचारला उठून मी काय केलं, ते सरकारी नियम वाचले. दहा आहेत, शिवाय सोबतच्या सूचना. खिडक्या, दारं, विटा, रंग खरवडायची पद्धत, सगळ्याची काळजी. नावाबद्दल चकार शब्द नाही. मेनूबद्दल नाही. अक्काबद्दल तर नाहीच. चौथ्या नियमात म्हटलंय की इमारतीत नंतर झालेले बदलही जुने होऊन महत्त्वाचे ठरले असतील तर तेही जपावेत. आणि ऐतिहासिक ठरायला साधारण पन्नास वर्षं लागतात. म्हणजे ते भिकार पॅनेलिंग सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीचं असेल, तर पन्नाशी त्याचीही उलटून गेली होती की! पण त्याची बाजू मांडायला कोण जाणार. मी? मी तर पहिल्यांदाच आले होते.

नाव बदललंय याचं तर काय बोलावं. आधी एका माणसाचं पहिलं नाव होतं, निऑनमध्ये, त्यातलं एक अक्षर कायम मिणमिणायचं. आता दोन वस्तू आणि मध्ये 'अँड', जशी हल्ली सगळीकडे असतात. आईचं नाव लग्नात ताम्हनात तांदळावर अंगठीने लिहून बदललं होतं. सगळे पेढे खात होते म्हणे. तिचं माहेरचं नाव मला नववीत कळलं, तेही मामाच्या एका जुन्या पत्रातून. असो. तो विषय आज नको.

अक्का निवृत्त झाली. मला कुणी सांगितलं नाही, आणि का सांगावं? मी तिची कोण? पण या गावात 'मूळची कुठली गं तू' असं जिने एकदाही विचारलं नाही, ती एकटी तीच. दुकानात, दवाखान्यात, चिऊच्या शाळेत, अजूनही नवीन माणूस भेटलं की तिथूनच सुरुवात. काल तिथेही तशीच झाली, शब्द तेवढे वेगळे. त्या पोरीचा काय दोष, ती सगळ्यांनाच विचारत असणार, तिला तसंच शिकवलेलं असणार. पण मी 'नाही' म्हटलं असतं तर पुढे सांगावं लागलं असतं, किती वर्षं येतेय, कुठे बसायचे, काय खायचे. आणि मग ती म्हणाली असती, अय्या, हो का. ते 'अय्या, हो का' मला नको होतं बहुतेक.

बहुतेक. खात्री नाही.

निघताना बारपाशी ते टोपीवाले आजोबा भेटले. म्हटलं, कसं वाटतंय? म्हणाले, छान आहे, आवाज फार घुमतो, ऐकूच येत नाही काही. मग म्हणाले, ते लाल रेक्झिनचे बाक आणि फॉल्स सीलिंग बसवलं ना, तेव्हा माझी आई खवळली होती, या भिकार जागेत परत पाय ठेवणार नाही म्हणाली होती. मी विचारलं, मग? म्हणाले, मग काय, गावात दुसरं आहे काय?

मला गाडीत बसेपर्यंत हसू आवरेना. याला वाटलं मी रडतेय.

दुसरं नाहीच. पॅक्स्टन गावात ते 1933 चं ओल्स नावाचं स्टेकहाउस आहे, काचेच्या कपाटात पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं आहे, पण जेवायला एवढं लांब कोण जाणार, आणि अस्वलासमोर मला घास उतरत नाही.

याने आत्ता शुक्रवारचं बुकिंग करायचा प्रयत्न केला. आता बुकिंग लागतं. साडेसातचं मिळालं नाही, पावणेपाचचं मिळालं. घे म्हटलं. शेऱ्यात 'साधी स्पॅगेटी, लोणी आणि चीज' असं लिही म्हणून सांगितलंय, बघू आतल्या कुणाला काही कळतंय का.