तुम्ही विचारलंत म्हणून : क्रूझला जाताना काय काय न्यायचं?

दिवाळी संपली की सुरू होतं. ऑफिसच्या लिफ्टमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर, एकदा तर मयताला गेलो होतो तिथं. "तुम्ही क्रूझ केलीय ना? आम्हीही बुक केलीय. काय काय न्यायचं सांगा ना." मी तीनदा गेलो, एवढाच माझा गुन्हा. आणि सांगायला घ्यावं तर लोकांना भलतंच हवं असतं. गाऊन लागतो का, इस्त्री न्यायची का, बाटली नेऊ देतात का.

तर एकदाच सांगतो. इस्त्री नाही, एक्स्टेन्शन बोर्डही नाही; आगीच्या भीतीनं काढून ठेवतात. बाटली नाही, ती आत विकत घ्यायची. त्यावरच तर त्यांचं दुकान चालतं. घरचा लाडू-चिवडा बहुतेक ठिकाणी तपासणीतच अडतो. शाकाहारी जेवण मिळतं, इतकं मिळतं की पोटच आधी थकतं. गाऊनचं मला विचारू नका.

"बोट लागेल का?" हा प्रश्न मात्र बरोबर आहे. लागू शकते. खोली घ्यायची तर बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची. वरची बाल्कनीवाली महाग असते आणि हलतेही तीच जास्त. गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या आधी घ्यायची. पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी बेसिनमध्ये जाते. त्रास व्हायला लागला की लोक खोलीत पडून मोबाइल बघतात आणि आणखी हैराण होतात. डेकवर जा, दूर क्षितिजाकडं बघत बसा. मोबाइलचं म्हणाल तर एअरप्लेन मोडवर टाका. मुंबई मागं पडली की फोन बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि बिल घरी आल्यावर कळतं. हात साबणानं धुवा. बोटीवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही.

आणि ड्रिल चुकवू नका. बोट सुटण्याच्या सुमारास सगळ्यांना बोलावतात, लाइफ जॅकेट कसं घालायचं, संकटात कुठं जमायचं ते दाखवतात. आपले लोक तेव्हा बुफेच्या रांगेत. इटलीजवळ १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल व्हायचंच होतं. तेव्हा नियमानं चोवीस तासांची सवड होती. आता ड्रिल बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावंच लागतं. इटली तरी कशाला? आपली रामदास बोट १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून सुटली आणि रेवसला पोचायच्या आधीच बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबईच्या माणसाला हे सांगावं लागू नये.

एवढं सांगून मी म्हणतो, "सगळ्यात आधी ओळखपत्र बघा." लोक हसतात. "ते तर आहेच हो." आणि नातेवाइकांपैकी कुणी असेल तर आवाज जरा खाली आणून दुसरा प्रश्न विचारतो, "तुम्ही माईंना सोडून गेला होतात ना?"

हो. गेलो होतो. तेही एकदाच सांगतो.

डिसेंबर २०२२. आईला पंचाहत्तर पूर्ण. देशाचाही अमृतमहोत्सव चालू, त्यामुळं घरात तो विनोद रोज व्हायचा. लहानपणी आई कोकण बोटीनं आजोळी, विजयदुर्गला जायची. बंदरात बोट लांब उभी राहायची, मग पडावात उतरून किनाऱ्याला. "डेकवर पथाऱ्या टाकलेल्या, निम्म्या बायका ओकतायत, आणि मी दशम्या खातेय," ही तिची कायमची फुशारकी. तिला परत बोटीत बसवायची असं मी ठरवलं. मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री. मी, बायको, दोन मुलं, ताई, भाऊजी आणि आई. रात्री विजयदुर्ग दाखवतो म्हणून कबूलही करून बसलो. बुकिंग केलं रात्री साडेअकराला, कारण ऑफर बारापर्यंत होती. आईच्या नावाच्या जागी लिहिलं, सुलभा.

ते तिचंच नाव आहे. बाबांनी लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलेलं. रेशनकार्डावर तेच, दारावरच्या पाटीवर तेच. पण आई लग्नाच्या आधीपासून महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. सर्व्हिस बुकात नाव माहेरचं, इंदुमती. पुढं आडनाव बदलून घेतलं, नाव राहिलं. पेन्शन इंदुमतीची, म्हणून बँकेचं खातं इंदुमतीचं, म्हणून आधारही. मला हे माहीत नव्हतं असं मी बरेच दिवस सांगितलं. माहीत होतं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला तिला बँकेत मीच नेतो. त्या वर्षीही नेलं होतं, जेमतेम महिन्यापूर्वी.

वेब चेक-इनला बाकीच्यांची कार्डं चढवली. आईचं कपाटात होतं, किल्ली तिच्याकडं आणि ती देवळात. म्हटलं, नंतर करू.

शुक्रवारी दुपारी दोन टॅक्स्या करून ग्रीन गेटला पोचलो. बॅगांना खोलीच्या नंबराचे टॅग लावले, त्या आत गेल्या. आईची तपकिरी बॅगही गेली. मग काउंटर. तिथला मुलगा पंचविशीचा असेल. त्यानं आधी स्क्रीनकडं बघितलं, मग कार्डाकडं, मग आईकडं.

"मॅडम, सुलभा कोण?"

"मीच."

"आणि इंदुमती?"

"तीही मीच."

मागच्या रांगेतले हसले. आम्हीही हसलो.

पुढची चाळीस मिनिटं काय काय झालं ते सगळं आठवत नाही. मुलानं वरिष्ठांना बोलावलं. मी मोबाइलवर रेशनकार्डाचा फोटो दाखवला, पाटीचा फोटो दाखवला. दारावरची पाटी! ते म्हणाले, प्रवाशांची यादी पुढं गेलीय, आता नाव बदलता येत नाही, आधी कळवलं असतंत तर झालं असतं. मी आवाज चढवला. "या बाईनं तीस वर्षं मुंबईच्या पोरांना बाराखडी शिकवलीय" असंही म्हणालो. त्या पोराचा काय संबंध? आज आठवलं तरी कानाच्या पाळ्या तापतात. शेवटी त्यानं घड्याळ दाखवलं. चेक-इन बंद व्हायला दहा मिनिटं होती.

आई म्हणाली, "तुम्ही जा. पैसे भरलेत."

हे वाक्य मी दोन वर्षं लोकांना सांगत आलो. तिनंच आग्रह केला हो, ऐकेचना. खोटं नाही ते. ती तीनदा म्हणाली. पहिल्यांदा मी लगेच "छे, असं कसं" म्हटलं. दुसऱ्यांदा बायकोकडं बघितलं. तिसऱ्यांदा घड्याळाकडं. भाऊजी म्हणाले, "मी थांबतो माईंबरोबर." आई म्हणाली, "जावयांना कसं थांबवू मी?" त्यावर कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि तिथं मुलगा एकच होता. मी गप्प राहिलो. आई त्या गप्प राहण्याला पुरेसा वेळ देऊन म्हणाली, "चला, मला टॅक्सी बघून द्या."

टॅक्सी मिळाली, काळी-पिवळी. खिशातून घराची किल्ली काढून तिच्या हातात दिली. दुसऱ्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा होता, तोही तपासणीत परत आलेला. "हे तरी वाचले," ती म्हणाली. टॅक्सीच्या नंबरचा फोटो काढला. परळपर्यंत पाऊण तास. मी धावत परत आत गेलो. धावलो, हे लक्षात आहे.

तुम्ही म्हणाल, सात जणांचे पैसे, मुलांची तोंडं, दोन रात्रींचाच प्रश्न. मीही तेच म्हणतो. ताई म्हणते, तू थांबला असतास तर आईलाच जास्त वाईट वाटलं असतं. खरं असेल. मग मी स्वतःला विचारतो, तिला वाईट वाटू नये म्हणून मी बोटीवर चढलो का? नाही. मला जायचं होतं.

संध्याकाळी खोलीवर आलो तर दाराबाहेर तीन बॅगा. आमच्या दोन आणि तपकिरी. आईची खोली आमच्या शेजारचीच, कुणीतरी ती आमच्या दाराशी ठेवली असावी. उघडायची नव्हती, पण बायको म्हणाली, बघ तरी. वर मोरपंखी साडी, डांबरगोळ्यांचा वास आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या. सगळ्या. रात्रीची आणि सकाळचीसुद्धा. फोनला रेंज नाही. बोटीचं इंटरनेट विकत घेतलं, किती पैसे गेले ते बघितलं नाही. शेजारच्या काकूंना मेसेज टाकला. नऊच्या सुमाराला त्यांचं उत्तर आलं: पट्टी आणून दिली, आमच्याकडं जेवल्या, काळजी करू नका.

तेव्हा औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. सुपूर्द केलेली बॅग खोलीशी यायला कित्येक तास जातात. ही टीप मी सगळ्यांना देतो. ती कुठून आली ते सांगत नाही.

जेवणाच्या वेळी केक आला. तो बुकिंगबरोबरच सांगितला होता, रद्द करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वेटर टाळ्या वाजवत आमच्या टेबलाभोवती उभे राहिले, वाढदिवस कुणाचा ते शोधत. आयसिंगनं लिहिलेलं, सुलभा. धाकट्यानं फुंकर मारली. केक चांगला होता. आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

रात्री दोनला डेकवर गेलो. बोट किनाऱ्यापासून इतकी लांबून जाते की विजयदुर्ग कुठला नि देवगड कुठलं, काही कळेना. काही दिवे दिसले, ते मासेमारीच्या होड्यांचे असावेत. आई असती तरी तिला काही दाखवता आलं नसतं. त्याचं बरं वाटलं, मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. तासभर उभा होतो.

रविवारी घरी आलो. आईनं दार उघडलं, बॅग आत घेतली, विचारलं, "जेवलात का?" लाडू संपले होते, काकूंकडं, वॉचमनकडं, सगळीकडं वाटून झाले होते.

पुढं दोनदा गेलो. "त्यानंतरही?" असं विचारतात. हो. मला आवडतं. पहाटे प्राँग्जच्या दीपगृहाशी बोट येते आणि कुलाबा धुक्यातून वर यायला लागतं, ते आवडतं. दोन्ही वेळेला आईला चल म्हटलं. दुसऱ्या वेळी तर आधार समोर ठेवून इंदुमती असं टाइप करायला घेतलं होतं. ती म्हणाली, "नको रे. मला बोट लागते."

तिला कधी बोट लागली नाही. मी तसं म्हटलं नाही. तिनं मला सोडवलं की सुनावलं, ते अजून ठरत नाही. विचारायची सोय नाही, कारण विचारलं तर ती "कशाचं काय घेऊन बसलास" म्हणणार आणि विषय पोहे-चहावर नेणार.

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलाचा मेसेज आला. आई-बाबांना घेऊन गोव्याची क्रूझ, पुढच्या शुक्रवारी, काही टिप्स? मी लिहिलं, आईचं आधार आणि बुकिंग, दोन्हींचा फोटो पाठव. त्यानं हसण्याचे तीन चेहरे पाठवले, मग फोटो. तिकिटावर मंगल, आधारवर मंगला. इंग्रजीत शेवटचा एक ए कमी.

"एवढ्यानं काय होतंय, सर?"

म्हटलं, क्रूझवाल्यांना आत्ता फोन लाव. मी लाइनवर थांबतो.