तुम्ही विचारलंत म्हणून : माळ्यावरचा काईट

"तुला हे परवडतं कसं गं?" हा प्रश्न ऑफिसात, सोसायटीत, नात्यातल्या लग्नात, कुठेही येतो. पण अलीकडे दुसराच एक प्रश्न जास्त येतो, आणि तो विचारणारे कधीकाळी काइटबोर्डिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून सरकणं, शिकलेले असतात. मग नोकरी, मूल, घराचे हप्ते यांत ते सुटून गेलेलं असतं. ते विचारतात, "जुनं सामान पडून आहे, परत सुरू करायचंय, हातात पैसे फार नाहीत. आधी कशावर खर्च करू?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्या वस्तूने काईट ऐन वेळी सोडून देता येतो, पहिला पैसा तिच्यावर. असं का म्हणते ते सांगते.

मी 2015 साली गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर शिकले. तीन मोसम मनसोक्त खेळले. 2018ला लेक झाली आणि 12 मीटरचा (म्हणजे 12 चौरस मीटर कापडाचा) काईट, बार म्हणजे तो हाकायची हातातली दांडी, कमरेला बांधायचा हार्नेस, बोर्ड सगळं ठाण्याच्या घरी माळ्यावर गेलं. तिथेच सात वर्षं राहिलं. 2025च्या जानेवारीत एका रविवारी ते गच्चीवर नेलं आणि उलगडलं.

कापड बघून जीव भांड्यात पडला. चिमटीत धरून चुरलं तर अजून कडक आवाज येत होता. काइटच्या कापडाचा खरा शत्रू ऊन, आणि माळ्यावर ऊन नव्हतं. पण तिथे दमटपणा होता, आणि त्याने आतल्या ब्लॅडरला गाठलं. ब्लॅडर म्हणजे पुढच्या कडेतली हवेची लांबलचक नळी. फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी 1984 साली याच कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. कड हवेने फुगलेली असते म्हणून काईट पाण्यात पडला तरी तरंगतो आणि पुन्हा उडवता येतो. तेव्हा हवा गळणं ही किरकोळ गोष्ट नाही. किनाऱ्यापासून लांब असताना गळाली तर पोहतच परत यावं लागतं.

पंप मारला. अर्ध्या तासात कड मऊ पडली. भांड्यांच्या साबणाचं पाणी केलं, स्पंजने फिरवलं, आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक बुडबुड्यांची माळ उठली. डिंक सुटला होता. एवढंच असेल तर घाबरू नका. ब्लॅडर बाहेर काढायचा, जुना डिंक पुसून काढायचा, नवा व्हॉल्व्ह चिकटवायचा. मला सगळं मिळून बाराशे रुपये आणि दोन संध्याकाळी लागल्या.

मग लाइन्स, म्हणजे बार आणि काईट जोडणाऱ्या दोऱ्या. चारही लाइन्स गच्चीच्या कठड्याला बांधून ताणल्या. मधल्या दोन, म्हणजे काइटचा मुख्य भार घेणाऱ्या, चांगल्या चार बोटं लांब निघाल्या. वापराने त्या जास्त ताणल्या जातात. मग मागच्या लाइन्स त्या मानाने आखूड पडतात, आणि काईट हवेत मागे मागे बसत जातो. माणसाला वाटतं आपणच विसरलोय.

शेवटी बार हातात घेतला. हार्नेसला जोडणाऱ्या कडीवर एक रिलीज असतो. तो पुढे ढकलला की काइटचा जोर संपतो, आणि काईट एकाच लाइनवर लोळत राहतो. मी तो ढकलला. हलला नाही. दोन्ही हातांनी ढकलला, तरी नाही. आत मीठ आणि वाळू धरून स्प्रिंग जागच्या जागी गोठली होती. गच्चीवर, कोरड्या हातांनी, काहीही ओढत नसताना जो उघडत नाही, तो लाटेत ओढले जात असताना काय उघडणार? मी तशीच पाण्याच्या टाकीजवळ खाली बसले. लेक शेजारी बुडबुडे फोडत होती.

कोमट पाण्यात भिजवून तो पुढे उघडला, पण त्याच्यावर मी परत भरवसा ठेवला नाही. 2020 साली या रिलीजसाठी आयएसओ 21853 हे मानक आलं. ओढ असताना तो किती जोराने उघडला पाहिजे, वाळूत घोळला तरी उघडतो का, असलं सगळं त्यात तपासतात. माझा बार त्याच्या कितीतरी आधीचा. मोरजीला मोसमाच्या सुमाराला परदेशी मंडळी सामान विकून जातात. त्यांच्यातल्या एकाकडून त्या मानकाचा वापरलेला बार 22,000ला घेतला. अख्ख्या मोसमातला हा माझा सगळ्यात मोठा खर्च. नवा काईट आणि बार घ्यायला गेलं तर रक्कम सहज लाखाच्या पुढे जाते. तो विचार मी केलाच नाही.

दुसरा खर्च दोन तासांच्या शिकवणीचा. "येतं की मला" असं वाटत होतं, तरी घेतली, आणि बरं झालं. सात वर्षांनी शरीराला तोल आठवतो, पण भीतीत हात चुकीचं करतात. पहिल्याच झोतात मी बार छातीशी ओढून घेतला, जिथे तो सोडायला हवा होता. काईट धाडकन ताकद घेऊन खाली आला आणि मी तोंडावर पाण्यात. त्या दिवशी बोर्डला हातही लावला नाही. नुसतं काइटमागे पाण्यातून ओढून घेणं, आणि पुन्हापुन्हा रिलीज उघडून जोडणं. दुसऱ्या दिवशी काईट डोक्यावरून, घड्याळातल्या बाराच्या जागेवरून, दोनच्या जागेकडे झोकला, बोर्ड पायाखाली उठला, आणि पन्नासेक मीटर गेले. ओरडले होते मी.

बाकी काटकसर वेळेची. कोकणच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत खारे वारे चालतात. जमीन तापली की दुपारी वायव्येकडून येतात, तीन-चारच्या सुमाराला भरात असतात. त्यामुळे शुक्रवार रात्रीची कोकणकन्या धरली आणि सकाळी थिवीला उतरलं तरी काहीच चुकत नाही. बोर्ड खालच्या बर्थखाली बसतो. रविवारी संध्याकाळी परत गाडी. अशा चार फेऱ्या केल्या, विमान एकदाही नाही.

पण काईट एकच असला की बसून राहायची तयारी हवी. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 10 नॉट्सचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा 14 झाला की ओढ जवळजवळ दुप्पट. माझं वजन 58 किलो, तेव्हा 12 मीटरच्या काइटवर मी 12 ते 17 नॉट्समध्येच उतरते. कमी असेल तर वाट बघायची, जास्त असेल तर गुंडाळायचा. एका शनिवारी अडीच वाजले तरी पाणी आरशासारखं. किनाऱ्यावरचा जीवरक्षक म्हणाला, "मात्शें रावात, वारो येतलो." पावणेचारला आला. पाऊण तास मिळाला, तो मला आजही मिनिटामिनिटाने आठवतो.

मोरजीलाच जाणार असाल तर दोन गोष्टी. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्यांच्यासाठी आखलेल्या जागेपासून लांब काईट लावा. आणि ओहोटीला शापोरा नदीच्या मुखाकडे जाऊ नका, पाणी बाहेर ओढतं.

एप्रिलमध्ये, चौथ्या फेरीत, मी निघाले होते तिथेच परत किनाऱ्याला लागले, पहिल्यांदाच. त्याआधी दर वेळी वाऱ्याने खाली नेलेलं, आणि बोर्ड काखेत मारून वाळूतून चालत यायचं.

जुना बार दोघातिघांनी स्वस्तात मागितला. कुणालाही दिला नाही. रिलीज तोडून टाकला, लाइन्स कापल्या. बाल्कनीतल्या कुंड्या आता त्याच लाइन्सवर टांगल्या आहेत.